चार बाय दोनच्या टेबलासाठी स्पीकर आणि सबवूफर

कॉम्प्युटरसाठी स्पीकर घ्यायचे ठरलं की दुकानदार वॉट सांगतो आणि घेणारा इंच विचारतो. टेबल दोघांनीही पाहिलेलं नसतं. टेबलाशी बसून इतक्या जवळून ऐकताना आवाज जितका स्पीकरवर ठरतो तितकाच टेबलाच्या फळीवर, मागच्या भिंतीवर आणि खोलीच्या मापांवर ठरतो. म्हणून खरेदीची सुरुवात मोजपट्टीने करा.

नेहमीचं टेबल ४ फूट बाय २ फूट, म्हणजे १२० बाय ६० सेंमी. २७ इंची मॉनिटर त्यातले ६१ सेंमी खातो. दोन्ही बाजूंना २९-२९ उरतात. यामाहाचा एचएस५ स्पीकर (त्याचा वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा भाग, ५ इंच) १७ सेंमी रुंद, २८.५ उंच आणि मागे-पुढे २२.२ सेंमी आहे. रुंदीला तो सहज बसतो, पण मागच्या पिना आणि केबलचं वळण यांना आणखी ६-७ सेंमी लागतात. जवळजवळ अर्धं टेबल गेलं. एडिफायरच्या आर१२८० मालिकेतला ४ इंची स्पीकर १४.६ सेंमी रुंद आणि मागे-पुढे १९.६ सेंमी, म्हणजे त्यामानाने सुटसुटीत. २ फुटी टेबलावर ४ ते ५ इंची वूफर ही कमाल मर्यादा धरा. ८ इंची स्टुडिओ मॉनिटर (रेकॉर्डिंग स्टुडिओसाठीचा स्पीकर) स्वस्तात मिळाला म्हणून उचलून आणला, तर इतक्या जवळून त्याच्या वूफरचा आणि ट्वीटरचा (वरचे सूर वाजवणारा भाग) आवाज नीट मिसळत नाही. झांजा वरून, ढोल खालून असं वेगवेगळं ऐकू येत राहतं.

दोन स्पीकरच्या मध्यांमधलं अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून कानापर्यंतचं अंतर सारखं ठेवायचं. वरच्या टेबलावर मॉनिटर आणि स्पीकर यांच्यात ३-४ सेंमी फट सोडली तर मध्य ते मध्य सुमारे ८५ सेंमी येतं. कानही तेवढ्याच अंतरावर हवेत. दोरीचा तुकडा घेऊन मोजा, नजरेच्या अंदाजात डावा-उजवा फरक हमखास राहतो. ५ सेंमीच्या फरकानेही गायकाचा आवाज मॉनिटरच्या मधोमध न येता जवळच्या स्पीकरकडे सरकतो. स्पीकरची तोंडं कानाकडे, किंवा डोक्याच्या जरा मागे रोखलेली असावीत.

खोक्यावरचे आकडे वाचताना

"५० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" असं नुसतं छापलेलं असेल तर त्याला काडीचाही अर्थ नाही. आवाज किती डेसिबलने (डीबी) उतरेपर्यंत मोजलंय ते लिहिलेलं हवं. एचएस५चंच पाहा: १० डीबी खाली जाईपर्यंत मोजलं तर ५४ हर्ट्झ, ३ डीबीपर्यंत मोजलं तर ७४ हर्ट्झ. स्पीकर तोच. तुलना करताना नेहमी ३ डीबीचा आकडा धरा आणि तो दिलाच नसेल तर छापलेल्या आकड्यापेक्षा स्पीकर बराच वर थांबतो असं समजा. ३ ते साडेतीन इंची वूफर बहुतेक वेळा ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास दम सोडतो. डीएसपीच्या (आवाजावर प्रक्रिया करणारी डिजिटल चिप) जोरावर खाली नेलेले लहान स्पीकर आहेत, पण व्हॉल्यूम चढवला की त्यांचा बास आपोआप आखडतो.

खाली नेमकं किती जायला हवं, हे तुम्ही काय ऐकता त्यावर आहे. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा षड्ज १३९ हर्ट्झला आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झला. त्यातही तानपुऱ्याचा नाद मूळ स्वरापेक्षा वरच्या स्वयंभू स्वरांनी भरलेला असतो, त्यामुळे शास्त्रीय गायन, भावगीतं, पॉडकास्ट, बातम्या यांना चांगला ५ इंची स्पीकर पुरून उरतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार मात्र ४१ हर्ट्झला आहे, आणि सिनेमातले स्फोट, गेममधली इंजिनं, इलेक्ट्रॉनिक संगीत त्याच्याही खाली उतरतं. हे रोजचं ऐकणं असेल तर सबवूफरचा (थोडक्यात सब, म्हणजे फक्त खोल बाससाठीचा वेगळा स्पीकर) विचार करा. नसेल तर सबचे पैसे स्पीकरमध्येच घाला. आमचं मत विचाराल तर स्पीकर आधी घ्या, महिनाभर नीट मांडून ऐका आणि मग सबचं ठरवा. सब हवा म्हणणाऱ्या कितीतरी टेबलांवर प्रश्न फक्त मांडणीचा असतो.

वॉटचा हिशेब एकदाच करून टाकू. ८५ डीबी संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ८५ डीबी देतो. तुम्ही ७० सेंमीवर बसलात की ३ डीबी वाढतात, दोन स्पीकर म्हणून आणखी ३; झाले ९१. आवाज सणसणीत लावला आणि त्यातले क्षणिक कळस १०० डीबीला गेले तरी वर ९ डीबीच हवेत, म्हणजे स्पीकरमागे सुमारे ८ वॉट. टेबलासाठी २० खरे वॉट पुष्कळ झाले. जुन्या टू-इन-वनवर "१२०० वॉट पीएमपीओ" (क्षणभराची फुगवलेली ताकद) छापलेलं असायचं, ते आठवा आणि आरएमएस (सतत देता येणारी ताकद) लिहिलेलाच आकडा वाचा.

अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह? टेबलावर अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे अँप्लिफायर आतच असलेले. जागा वाचते आणि खोक्यांची संख्या कमी होते. घरात जुने चांगले पॅसिव्ह पडून असतील तर लहान क्लास-डी अँप जोडा, पण अडॅप्टरकडे लक्ष द्या: "५० वॉट अधिक ५० वॉट" म्हणणाऱ्या अँपबरोबर १९ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर दिला असेल तर भिंतीतून येणारेच एकूण ५७ वॉट आहेत. तारा जोडताना लाल-काळं एका बाजूला उलटं झालं तर बास पातळ होतो आणि गायक मधोमध न राहता खोलीभर पसरतो. असं वाटलं की आधी तारा तपासा.

व्हॉल्यूमची कळ कुठे आहे तेही घेण्यापूर्वी पाहा. एचएस५ किंवा जेबीएल ३०५पी यांसारख्या स्टुडिओ मॉनिटरना प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर वेगळी कळ असते; रोज दोन्हीकडे हात घालून सारखं करणं अशक्य. त्यांना ऑडिओ इंटरफेस किंवा व्हॉल्यूमची कळ असलेला डॅक, म्हणजे कॉम्प्युटर आणि स्पीकर यांच्यामधली आवाजाची डबी, लागते. त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. आणखी एक, जवळून ऐकताना स्पीकरची स्वतःची सळसळ कळते. दुकानाच्या गोंगाटात ती ऐकू येत नाही, म्हणून परत घेण्याची मुदत असेल तिथून घ्या आणि पहिल्याच रात्री पंखा बंद करून, काहीही न वाजवता ६० सेंमीवरून ऐका.

उंची, आणि आरशाची युक्ती

खुर्चीत बसल्यावर कान टेबलापासून ४० ते ४५ सेंमी वर असतात. लहान स्पीकर टेबलावर तसाच ठेवला तर त्याचा ट्वीटर २० सेंमीवर, वूफर १५ वर. वूफरचा आवाज कानाला दोनदा येतो: एकदा सरळ, एकदा टेबलाच्या फळीवर आपटून. ८० सेंमी अंतराला सरळ वाट साधारण ८५ सेंमीची आणि आपटून येणारी १०० सेंमीची. १५ सेंमीच्या या फरकाने १२०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकाला खोडतो. नेमकी बोलण्यातल्या शब्दांची जागा. त्यात टेबलाच्या पृष्ठामुळे १५० ते २०० हर्ट्झचा भाग फुगतो. "आवाज डब्यातून येतोय" ही तक्रार इथली. जेनेलेकसारखे स्टुडिओ मॉनिटर बनवणारे याच भागाला ४ डीबी उतरवणारी टेबलासाठीची वेगळी कळ पाठीवर देतात; तुमच्या स्पीकरला असेल तर वापरा.

आरशाने ते डोळ्यांनी पाहता येतं. हातआरसा टेबलावर आडवा ठेवून स्पीकरपासून हळूहळू स्वतःकडे सरकवा आणि खुर्चीत नेहमीसारखं बसून त्यात पाहा. जिथे वूफर दिसेल तिथेच आवाज आपटतोय. वूफर १५ सेंमीवर असताना ती जागा स्पीकरच्या पुढे वीसेक सेंमीवर, मोकळ्या फळीवर येते. स्पीकर उचलून वूफर ४० सेंमीपर्यंत नेला की ती टेबलाच्या कडेशी जाते, जिथे बहुतेक वेळा तुमचे हात आणि कीबोर्ड असतात. म्हणून २० ते २५ सेंमी उंचीचे स्टँड हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत वसूल होणारा खर्च. स्टँड नको असेल तर बांधकामाच्या नऊ इंची विटा जाड कापडात गुंडाळून लावा. आडवी वीट ३ इंच चढते, आणि जड असल्याने थरथरत नाही. तेही जमत नसेल तर स्पीकर १५ अंश मागे कलवा. कलवल्याने ट्वीटर कानाकडे येतो, वरची धार परत मिळते. फळीवरचं आपटणं मात्र तेवढंच राहतं, हे लक्षात असू द्या.

स्पीकर आणि फळी यांच्यामध्ये १ सेंमी दाट रबर किंवा फोमचा तुकडा घाला. खाली कीबोर्डचा सरकता ट्रे किंवा ड्रॉवर असेल तर तो बासबरोबर खडखडतो, आणि माणूस स्पीकर फाटला समजून दुकानात जातो. ५० ते २०० हर्ट्झचा सरकता सूर वाजवा, खडखड जिथे होईल तिथे हात दाबून ठेवा. थांबली की चोर सापडला. पेन स्टँड, खिडकीची काच, कपाटाची किल्ली, काहीही निघतं.

मागच्या भिंतीचं काय? हवेचं भोक (पोर्ट) पुढे असेल तर स्पीकर भिंतीच्या जवळ चालतो. मागे असेल तर किमान १० सेंमी सोडा. भिंतीजवळ बास फुगतो, कोपऱ्यात अधिकच. एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा मोकळा ही सर्वांत वाईट मांडणी, त्यापेक्षा टेबल भिंतीच्या मध्यावर सरकवा. जागाच नसेल तर मागच्या पोर्टमध्ये मोज्याचा बोळा कोंबा. बास आवरतो आणि उतार सौम्य होतो. पुढे सब जोडणार असाल तर हा बोळा तसाच राहू द्या.

केबल आणि गुणगुण

लॅपटॉपमधून ३.५ मिमीची पिन निघते. स्पीकरला आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिनांची जोडणी) असेल तर ३.५ ते दोन आरसीए केबल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळते. बॅलन्स्ड (तीन तारांचा, गुणगुण कमी करणारा) ६.३५ मिमी जॅक असेल तर ३.५ स्टिरिओ ते दोन ६.३५ मोनो अशी केबल मागा. इथे एक चूक सर्रास होते: एकच स्टिरिओ ६.३५ पिन एका स्पीकरच्या बॅलन्स्ड जॅकमध्ये घालतात. तो जॅक डाव्यातून उजवं वजा करतो, आणि दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं नाहीसं होतं. गायकच गायब, मागे वाद्यांचा घुमारा तेवढा उरतो. "स्पीकर खराब निघाला" म्हणण्याआधी पिन पाहा.

गुणगुण येत असेल तर तिचा प्रकार ओळखा. चार्जर लावल्यावर सुरू होऊन बॅटरीवर थांबत असेल तर अर्थिंगचा फेरा (ग्राउंड लूप) आहे: लॅपटॉप, मॉनिटर, स्पीकर सगळे एकाच एक्सटेन्शन बोर्डवर घ्या. तरी राहिली तर सिग्नलच्या वाटेत ट्रान्सफॉर्मरवाला ग्राउंड लूप आयसोलेटर, किंवा स्पीकरला ऑप्टिकल इनपुट असेल तर ती केबल. ऑप्टिकलमधून वीज जातच नाही. अर्थिंगची पिन कापून गुणगुण घालवू नका, शॉक बसू शकतो. माउस हलवल्यावर चिरचिर येत असेल तर दोष मदरबोर्डच्या साउंडचा आहे आणि बाहेरचा यूएसबी डॅक तो मिटवतो. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर मोठा घरघराट आला तर तो इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा नाही. स्पीकर तेव्हा बंद ठेवा. ब्लूटूथ गाण्यांना चालेल, पण १०० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर सहज लागत असल्याने गेमला निरुपयोगी.

लॅपटॉपचा व्हॉल्यूम ८५-९० टक्क्यांवर ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरवरून करा. उलट केलं तर सळसळ वाढते. स्पीकर सर्वांत शेवटी चालू, सर्वांत आधी बंद. नाहीतर रोजचा "ठप्प" ट्वीटरवर बसतो. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत राहत असाल तर वूफरची कड रबराची घ्या. फोमची कड काही वर्षांत भुगा होऊन गळते.

सब जोडताना

१० बाय १० च्या खोलीत ८ इंची सब भरपूर. खोकं बंद असलेला सब लहान खोलीत चांगला जुळतो: खाली जाताना त्याचा उतार अष्टकाला (हर्ट्झ निम्मे होतील तेव्हा) १२ डीबी, पोर्टवाल्याचा २४, आणि लहान खोली खालच्या सुरांना स्वतःच थोडं उचलते. आकारापेक्षा दोन गोष्टी पाहा. क्रॉसओव्हर (सब आणि स्पीकर यांच्यातली सुरांची सीमा) किमान ८० ते १२० हर्ट्झमध्ये फिरवता यावा, आणि सबमधून स्पीकरकडे जाणाऱ्या आउटपुटला लो-कट असावा. यामाहाच्या एचएस८एस या सबला तो आहे. लो-कट म्हणजे खालचे सूर सबकडे ठेवून बाकीचेच स्पीकरकडे पाठवणं. तो नसेल तर लहान वूफर झेपत नसलेला बास वाजवतच राहतो, ६० ते १०० हर्ट्झ दोघांकडून येतं आणि तिथे गोळा तयार होतो. एडिफायर आर१२८०डीबीएस किंवा ऑडिओइंजिन ए२ प्लस या स्पीकरना सबचं आउटपुट आहे, म्हणजे जोडणं सोपं. पण कुठल्याही अशा स्पीकरच्या पुस्तिकेत सब लावल्यावर स्पीकरचा स्वतःचा बास कापला जातो की नाही ते वाचून घ्या.

क्रॉसओव्हर ८० ला ठेवला तर बास कुठून येतोय हे कानाला उमगत नाही, सब कुठेही ठेवता येतो. स्पीकर ३ इंची असेल तर तो १०० ते १२० ला न्यावा लागतो, आणि मग टेबलाच्या उजव्या टोकाला ठेवलेला सब उजवीकडूनच बोलतो. अशा वेळी तो टेबलाखाली, दोन स्पीकरच्या मधोमध हवा. सीपीयू कॅबिनेटला टेकवू नका, विशेषतः आत फिरती हार्ड डिस्क असेल तर.

१० फूट लांबीच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या जवळ एक घुमारा असतोच. रुंदीही १० फूट असेल तर दोन घुमारे एकावर एक चढतात, आणि मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधल्या बेडरूम बऱ्याचदा याच मापाच्या. त्यामुळे जागा ऐकूनच ठरवावी लागते. सब खुर्चीवर ठेवा, बास सतत चालणारं गाणं लावा आणि टेबलाखालच्या शक्य त्या जागांवर गुडघ्यावर बसून कान जमिनीजवळ नेऊन ऐका. जिथे प्रत्येक सूर सारख्या जोराचा वाटेल, एकही सूर उसळणार नाही, तिथे सब. हा प्रकार हास्यास्पद दिसतो, पण अर्ध्या तासात जे कळतं ते कुठल्या आकड्यात नाही.

मग क्रॉसओव्हर ठरवलेल्या जागी ठेवून त्याच हर्ट्झचा स्थिर सूर वाजवा आणि कोणाला तरी सबची फेजची कळ (लाट उलटी करणारी) ० वरून १८० वर करायला सांगा. खुर्चीत बसून जिथे सूर मोठा ऐकू येतो ती बाजू बरोबर. मग सबची पातळी शून्यावरून चढवा आणि "आहे" असं कळलं की किंचित मागे घ्या. शेवटी पुरुष वृत्तनिवेदकाच्या बातम्या लावा. निवेदकाची छाती टेबलाखालून बोलत असेल तर क्रॉसओव्हर किंवा पातळी जास्त आहे. सब बंद केल्यावर उणीव वाटावी, चालू असताना तो आठवूही नये.

उरलेला घुमारा सॉफ्टवेअरने उतरवा. आरईडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने आणि मोजमापाच्या मायक्रोफोनने शिखर नेमकं दिसतं. विंडोजवर इक्वलायझर एपीओ या सूर कमी-जास्त करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिथे, समजा ५६ हर्ट्झला, क्यू (पट्टा किती अरुंद ते) ५ ठेवून ६ डीबी कमी करा. खड्डे मात्र भरू नका. आलेख एखाद्या ठिकाणी खाली गेलाय म्हणून तिथे १० डीबी वाढवले तर अँप दमतो, आवाज खोडला जातोय तो खोडलाच जातो. त्यापेक्षा सब किंवा खुर्ची एक वीत सरकवा.

फ्लॅटमध्ये सब थेट फरशीवर ठेवला की स्लॅब त्याचं काम पुढे नेतो. खाली जाड रबराचे पाय किंवा दाट फोमची पाटी घाला आणि एकदा खालच्या मजल्यावर जाऊन, त्यांना विचारून, ऐकून या. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि हवेतून न पोचणारा बास भिंतीतून मात्र पोचतो. सबची पातळीची कळ हात पोचेल अशा बाजूला वळवून ठेवा.